डॉक्टरांनी लोणी बंद केलंय

परदेशातून, धुण्याच्या खोलीतल्या बाकावर बसून

सौ. विहीणबाई यांना तुमच्या लेकीच्या सासूचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? व्याह्यांचा खोकला उतरला का? (नसेल उतरला तर त्यांना पहाटे गोठ्यात जाऊ देऊ नका. मला काही होत नाही म्हणतील, ऐकू नका.) तुमची धाकटी म्हैस व्यायला झाली होती, तिला रेडी झाली की रेडा तेही मला कळलं नाही, कारण तुम्ही आमच्याकडचा फोन उचलायचं सोडलंत. म्हणून हे पत्र. इथे आपल्या भाषेची एक नर्सबाई भेटली, तिची रजा संपली, उद्या ती परत निघाली. तिकडे पोचल्यावर टपालात टाकते म्हणाली. फोन नुसता वाजू देता येतो, पत्राचं तसं नाही. पत्र दारात पडलं की कितीही रागावलेलं माणूस ते फोडतंच. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, तेव्हा चष्मा लावून बसा, आणि व्याह्यांना वाचून दाखवायला सांगू नका, ते मधल्या ओळी गाळतात आणि शेवट स्वतःच्या मनाने सांगतात.

मी मजेत आहे. इतकी मजेत आहे की एका जागी बसवत नाही. आपली नात सकाळीच डोंगर चढायला गेली आहे आणि मी खाली, आम्ही उतरलो त्या घराच्या धुण्याच्या खोलीत, आमच्या दोघींच्या कपड्यांची राखण करत बसले आहे. समोर धुण्याचं यंत्र आहे, त्याला गोल काच आहे, काचेत माझं लुगडं आणि तिची विजार एकमेकांच्या गळ्यात पडून गरगर फिरतायत. मागे एक बारकी खिडकी, खिडकीत तो डोंगर. मी काच बघते, डोंगर बघते, एक ओळ लिहिते, उठते, दारापर्यंत जाऊन येते, परत बसते. नर्सबाई म्हणाली, आजी, तुम्ही उठबस करून ती डोंगर थोडीच लवकर उतरणार आहे. ती बरोबर बोलली, पण ती काही आजी नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्या तुपाच्या वाटीचा विषय मी या पत्रात काढणार नाही. पोरीने तुमच्याकडे जेवताना तुपाची वाटी बाजूला सरकवली, मग गोठ्यासमोर उभं राहून पारडाच्या तोंडचं दूध आपण का काढून घ्यायचं असं तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही म्हणालात की माझ्या गोठ्याचं जिला चालत नाही तिने माझा उंबरा चढू नये. यात कोणाचं चुकलं ते ठरवणारी मी कोण? मी तिच्या बापाची आई, तुम्ही तिच्या आईची आई, दोघींचा हक्क सारखा. मी एवढंच म्हणते की तेव्हापासून ती उंबरा चढली नाही, तुम्ही फोन उचलला नाही, तुमची लेक स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात ठेवते, आणि घरात कोणी काही बोलत नाही म्हणून मला सगळं ऐकू येतं. झालं. विषय काढला नाही.

आता तुमच्या लक्षात असेल, लहान असताना ती तुम्हाला म्हशीवाली आजी म्हणायची आणि मला चष्मेवाली आजी. (मला तेव्हाही वाटायचं की यात तुमचा फायदा झाला. म्हशीवर बसता येतं, चष्म्यावर काय करता येतं?) नोकरी लागली की दोन्ही आज्यांना परदेश दाखवणार, हे तिचं तेव्हापासूनचं बोलणं. तर नोकरी लागली आणि तिने शब्द पाळला, तिघींसाठी खोली सांगून ठेवली. मग ते वाटीचं झालं (मी विषय काढत नाही) आणि आम्ही दोघीच आलो. खोलीत पलंग मात्र तीन. आम्ही आलो त्या दिवशी घरमालकीणबाई खुणेने म्हणाली, हा तिसरा काढून नेऊ का, तुम्हाला जागा होईल. पोरगी म्हणाली, असू दे. का असू दे ते मी विचारलं नाही. त्यावर आमच्या पिशव्या झोपतात. चांगला पलंग आहे, खिडकीजवळचा, तुमच्या कंबरेला बेताचा कडक.

ही घरमालकीणबाई म्हणजे पाहुणे ठेवणारी बाई. वर खोल्या, खाली एक लांब टेबल, त्यावर सकाळ-संध्याकाळ सगळ्या पाहुण्यांचं जेवण एकत्र. बाई अंगाने भरलेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, सतत कापडाला हात पुसत बोलणारी. मला बघताक्षणी आवडली. आपल्यासारखीच आहे, पाहुणा जेवला नाही तर तिला झोप येत नाही. आणि दुखणं तिथेच सुरू झालं, कारण ती सगळ्यात लोणी घालते. भाजीत लोणी, भातात लोणी, पावावर लोणी, आणि काही विसरल्यासारखं वाटलं तर वरून लोणी.

पोरीने तिला पहिल्या दिवशी नीट सांगितलं. सांगायची सोय अशी की पोरीच्या फोनमध्ये एक बाई आहे. आपण आपल्या भाषेत बोलायचं, मग ती बाई त्यांच्या भाषेत बोलते, ते बोलले की ती आपल्या भाषेत बोलते. काहीही सांगा, ती गोडच बोलते. शिवी दिली तरी आरती म्हटल्यासारखी देईल. तर पोरगी म्हणाली, मी जनावराचं काही खात नाही, मांस नाही, मासे नाही, अंडं नाही, दूध नाही, दही, लोणी, तूप नाही, मधही नाही. फोनबाईने ते सगळं सांगितलं. मालकीणबाईने मान डोलावली, पोरीच्या गालाला हात लावला आणि आतून अंड्याचं धिरडं करून आणलं. अंडं नको म्हटल्यावर ते उचललं आणि चीज आणलं. चीज नको म्हटल्यावर ती बघतच राहिली. तिच्या तोंडावर जे आलं ते मी ओळखलं, विहीणबाई, कारण ते मी तुमच्या तोंडावर बघितलं होतं. (नाही काढत.)

मग आम्ही बाहेर जेवण शोधायला निघालो. काय सांगू तुम्हाला, आमच्या चपला झिजल्या. एका ठिकाणी भाजी आली, सुरेख, हिरवीगार, अशी चकचकीत की तोंड दिसावं. पोरीने एक शेंग काट्यावर धरून उजेडात बघितली. वाढप्याला विचारलं, लोणी आहे का? नाही म्हणाला. मग ही चकाकी कसली? त्याने जाऊन स्वयंपाक्याला आणलं. स्वयंपाकी म्हणाला, लोणी नाही, फक्त चकाकीपुरतं थोडंसं आहे. दुसऱ्या ठिकाणी पानांची कोशिंबीर मागवली, तर वर उकडलेलं अंडं फुलासारखं कापून ठेवलेलं. सगळं सांगून झालं होतं ना, म्हणून पोरीने विचारलं, तर तो म्हणाला, अंड्याला पाय कुठे आहेत? तिसऱ्या ठिकाणी सूप पांढरं आलं तेव्हा आम्ही काही विचारलंच नाही, पैसे ठेवले आणि उठलो.

बरं, लोक वाईट नाहीत हं. सगळे हसतमुख. त्यांना फक्त असं वाटतं की ही पोर भिडेखातर नको म्हणते आहे, एकदा आग्रह केला की खाईल. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे?

मग ती दुकानात शिरली. मोठं दुकान, रांगाच्या रांगा, आणि थंडगार कपाटं. ती प्रत्येक पुडक्याची पाठ फोन धरून वाचायची. हे उचल, पाठ वाच, ठेव. ते उचल, पाठ वाच, ठेव. एका साध्या पावात दुधाची भुकटी, बिस्किटात लोणी, बटाट्याच्या कापांत चीजची भुकटी (बटाट्याला कशाला हवी, तो गरीब आपला आपण चांगला असतो). मी थकून एका उपड्या खोक्यावर बसले. दुकानदार लांबून बघत होता. थोड्या वेळाने त्याने गळ्यातला टाय नीट केला, जवळ आला, आणि स्वतःच एकेक वस्तू काढून मागची तारीख दाखवायला लागला. माझ्याकडे वाकून वाकून. मला काही कळेना. पोरगी म्हणाली, आजी, त्याला वाटतंय आपण सरकारी तपासणीला आलोय आणि तू मोठी साहेब आहेस. मग मी काय केलं असेल? मान डोलावली. एका कपाटाची धूळ बोटाने पुसून त्याला दाखवली. तो धावत फडकं घेऊन आला. बाहेर पडताना हातात काय, तर केळी आणि खारे दाणे. आल्यापासून तेच चाललं होतं. केळी आणि दाणे, दाणे आणि केळी.

पोरगी हसत होती, पण तिचा चेहरा उतरला होता. तिच्या गळ्याजवळची हाडं दिसायला लागली होती. तिला चढायचा होता हा डोंगर, त्यासाठीच ती आली होती, जाडजूड बूट घेऊन. केळ्यांवर कोणी डोंगर चढतं का? माझा जीव राहीना. आणि एका सकाळी ती आंघोळीला गेली होती, फोन टेबलावर होता, आणि मालकीणबाई समोर भाजी निवडत होती.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे जेवणाला नको कसं म्हणतात? पोट भरलं म्हटलं तर आणखी एक डाव पडतो. आवडत नाही म्हटलं तर आईबापांचा उद्धार. उपास म्हटलं तर उपासाचं ढीगभर येतं. एकच शब्द असा आहे की तो उच्चारला की वाढणारीचा हात जागच्या जागी थांबतो: डॉक्टरांनी बंद केलंय. आमच्या ह्यांना तर कारल्याची भाजी जन्मभर डॉक्टरांनी बंद केली होती. ते डॉक्टर वारले, दवाखान्यात चपलांचं दुकान निघालं, तरी बंदी चालूच. मी एकदाही विचारलं नाही की कारलं आणि गुडघा यांचा संबंध काय. डॉक्टरांचा शब्द म्हणजे शब्द.

मी फोनबाईला जवळ घेतलं आणि सांगितलं, या माझ्या नातीला दुधातुपाचं दुखणं आहे, डॉक्टरांनी बंद केलंय, थेंबभर पोटात गेला तरी जिवावर बेतेल. फोनबाईने गोड आवाजात सांगितलं. मालकीणबाईच्या हातातली भाजी खाली पडली. तिने छातीवर हात ठेवला, मग माझा हात धरला, मग डोळे पुसले. आणि त्या संध्याकाळपासून, विहीणबाई, त्या घरात लोणी दिसेनासं झालं. नुसतं आमच्या ताटातून नाही. टेबलावरून, कपाटातून, सगळ्यांच्या पावावरून. तिने भांडी घासली, नवी कढई आणली, दुधाचा तांब्या उचलून कुठे नेला देव जाणे. पोरीपुढे गरम गरम तेलातली भाजी आली, भात आला, मसूर आले. पोरगी जेवली हो. पोटभर जेवली. आणि मला काय म्हणाली? म्हणाली, आजी, बघ, नीट समजावून सांगितलं की लोक ऐकतात.

मी म्हटलं, हो ना.

पण पुढे ते जरा वाढत गेलं. पोरीच्या खुर्चीवर उशी आली. मग पाठीला दुसरी उशी आली. ती जिना चढायला लागली की मालकीणबाई मागे हात पसरून उभी, ही पडली तर झेलायला. तिच्याशी सगळे दबक्या आवाजात बोलायला लागले. पोरीला वाटलं इथली माणसं फार मायाळू. टेबलावर एक गृहस्थ आमच्यासमोर बसत, जाड मिशांचे, मी त्यांना मिशीवाले म्हणते. त्यांना सकाळी कोरडा पाव मिळायला लागला. ते पावाकडे बघत, मग पोरीकडे बघत, मग उसासा सोडून पाव पाण्याबरोबर उतरवत. आणि स्वतःच्या करणीची फळं मलाही भोगावी लागलीच, कारण दूध गेलं तसं माझ्या चहातलंही गेलं. तक्रार कोणाकडे करणार? एकदा दुपारी मी जिन्यावरून उतरत होते, तर वळणावर मिशीवाले पायरीवर बसलेले, खिशातून कागदात गुंडाळलेलं लोणी काढून पावाला लावत होते. मी त्यांना बघितलं. मी बघितल्याचं त्यांनी बघितलं. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि अर्धा पाव माझ्यापुढे केला. मी घेतला, विहीणबाई. जिन्यात उभ्याने खाल्ला. त्यानंतर ते मला रोज वाकून नमस्कार करतात.

असं सगळं सुखाने चाललं होतं आणि मग डोंगराचा दिवस आला. सकाळी दारात डोंगरवाला येऊन उभा राहिला, म्हणजे लोकांना वर घेऊन जाणारा, दोरी खांद्याला, मागे चारपाच जण तयार होऊन. पोरगी बूट बांधून उतरली. आणि मालकीणबाई दारात आडवी झाली. दोन्ही हात चौकटीला. डोंगरवाल्याला तिने काय काय सांगितलं, त्याने पोरीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मान हलवली. पोरीने फोन पुढे केला. फोनबाई गोड आवाजात म्हणाली: ही मुलगी आजारी आहे. वर काही झालं तर मी तिच्या आजीला काय तोंड दाखवू?

पोरगी आधी हसली. मग हसायची थांबली आणि माझ्याकडे वळून बघितलं. मी चष्मा पुसत होते.

ते लोक तिला न घेता गेले. ती पायरीवर बसून राहिली, बूट तसेच पायात. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हळूच म्हणाली, आजी, तू मला आजारी ठरवलंस.

मी म्हटलं, अगं, तुझ्या पोटासाठी.

ती म्हणाली, मी काय खाते ते मी विचार करून ठरवलंय. तू त्याचं दुखणं करून टाकलंस. माझं ऐकलं कोणीच नाही, सगळ्यांनी माझी कीव केली.

आणि मग जे म्हणाली ते तुम्हाला लिहावं की नाही म्हणून मी आत्ता उठून दारापर्यंत दोन खेपा घालून आले. डोंगरावर एक काळा ठिपका दिसला, ती असेल असं वाटलं, पण ती मेंढी होती. तर ती म्हणाली, म्हशीवाली आजी निदान माझ्याशी भांडली. तिने मला धडधाकट धरलं.

एवढं बोलून वर गेली आणि दार लावून घेतलं.

मला लागलं ते. खोटं कशाला सांगू? तिला घेऊन मी आले, तिच्याबरोबर केळी मी खाल्ली, बिनदुधाचा चहा मी प्यायले, आणि शाबासकी तुम्हाला. तीही न आलेल्या माणसाला. मी मनात तुमच्याशी थोडं भांडले. मग पायरीवर बसून विचार केला, आणि बराच वेळ विचार केल्यावर वाटलं, पोरगी खोटं बोलत नाही. तुम्ही तिला उंबऱ्याबाहेर काढलंत, पण तिचं म्हणणं ऐकून काढलंत. मी तिला उराशी धरलं आणि ऐकलं काहीच नाही.

दुपारी मालकीणबाईने पेज पाठवली वर. पोरीने परत पाठवली. मग मात्र मी वर गेले, दाराच्या फटीतून फोन मागून घेतला आणि खाली स्वयंपाकघरात गेले. मालकीणबाई कांदा चिरत होती. मी फोनबाईला म्हटलं, सांग तिला, मी खोटं बोलले, नातीला कसलाही आजार नाही, चांगली दगड पचवेल, पण तिला जनावराचं खायचं नाही, कारण तिला ते पटत नाही. फोनबाईने सांगितलं. सुरी थांबली. मालकीणबाईने हात पुसले आणि मग बोलायला सुरुवात केली, इतकी भराभर की फोनबाईचीही दमछाक झाली. तिला शेवटी एवढंच जमलं: माझे पाहुणे कोरडा पाव खातात. मी लोणी शेजारणीच्या घरी लपवलं. मी रोज तुझ्या नातीसाठी प्रार्थना केली. हे ऐकून मी हात जोडले. तिने ते बघितलेही नाहीत. किल्ल्या वाजवत जिना चढली, मी मागोमाग, आणि तिने दारावर अशी थाप मारली की समोरच्या खोलीतून मिशीवाले बाहेर आले.

पोरीने दार उघडलं. मालकीणबाई आत शिरून एका पलंगावर बसली, पोरगी समोर, मधल्या पलंगावर फोन ठेवला, आणि दोघींनी जे सुरू केलं ते तुम्ही बघायला हवं होतं. दुधात वाईट काय आहे? वासराचं आहे. माझ्या आईने दोन गाईंवर आम्हाला वाढवलं, ती काय पापी होती? मी असं म्हटलं नाही. मग काय म्हटलंस? फोनबाई बिचारी मध्ये पडून दोघींचं गोड आवाजात सांगत होती, आणि दोघी तिच्यावर ओरडत होत्या. मला वाटलं आता आपलं सामान बाहेर पडतं. पण पोरीचा चेहरा बघितला तर गाल लाल, डोळे असे चमकलेले, पाठ ताठ. आल्यापासून तिला इतकं बरं मी बघितलंच नव्हतं. आणि मालकीणबाईही उशीबिशी विसरून तिच्या गुडघ्यावर थापा मारत होती.

शेवटी मालकीणबाई म्हणाली, लोण्याशिवाय बटाट्याला काय चव येणार? पोरगी म्हणाली, करून तरी बघितलंत का कधी? चल खाली, मालकीणबाई म्हणाली.

गेल्या की दोघी. मला स्टुलावर बसवलं आणि लसूण सोलायला दिला. मालकीणबाईने इरेला पेटून केलं हो सगळं, वाईट होतं हे दाखवायचं म्हणून. कांदा तेलात इतका परतला की तो तपकिरी होऊन गोड झाला, त्यात घेवड्याचे दाणे, बटाटे, लसूण, मिरं. मग एक घास घेतला. मीठ घातलं. परत घेतला. मग फोनबाईकडून सांगितलं की वाईट झालंय, लोणी हवंच होतं. असं म्हणत म्हणत ताटभर जेवली. पोरगी दोनदा वाढून घेऊन जेवली. टेबलावर लोणी परत आलं, मिशीवाल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि कोणाला काय झालं काय नाही हे न कळता बाकीच्यांनीही वाजवल्या. तेव्हापासून त्या दोघी रोज भांडतात आणि रोज काहीतरी नवीन शिजतं. आज सकाळी डोंगरवाल्याला मालकीणबाईनेच बोलावून आणलं, पोरीच्या पाठीवरच्या पिशवीत जेवणाचा डबा कोंबला आणि दारातून बाहेर ढकललं. पडशील तर बघ, अशी काहीतरी दटावणी केली असणार. फोनबाईला विचारलं नाही, ते मला कळतं.

आता डोंगरावरून चार ठिपके उतरताना दिसतायत. मेंढ्या नाहीत, मेंढ्यांना पाठीवर पिशव्या नसतात. कपडे थांबलेत, नर्सबाई पाकीट मागते आहे. व्याह्यांना नमस्कार. नव्या पारडाच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवा. कंबरेला गरम विटेचा शेक द्या.

तुमचीच,
तुमच्या लेकीची सासू

ता.क. १: नर्सबाईला पाणी प्यायला पाठवलंय, तेवढ्यात खरं काम लिहिते. परत येताना आमचं विमान उतरतं तिथून तुमचं गाव वाटेत आहे. मी पोरीला काल विचारलं, जायचं का? ती म्हणाली, तिने उंबरा चढू नको म्हटलंय. मी म्हटलं, मग नको चढूस. आपण मागून गोठ्याच्या बाजूने येऊ, तिकडे उंबराच नाही. यात तुमचा शब्दही मोडत नाही आणि तिचा मानही जात नाही. तुम्ही गोठ्यात सापडाल अशा वेळी येतो.

ता.क. २: आली की तिला जवळ घेऊन गप्प बसू नका. तसं मी करून बघितलं, त्याने तिला उशा मिळाल्या आणि डोंगर हुकला. तुम्ही भांडा. म्हशींच्या बाजूने बोला, तुमच्या सासूने गोठ्यावर घर कसं उभं केलं ते सांगा, ती पारडाचं काढेल, तिला उत्तर द्या. ते काम मला जमत नाही. मी लगेच पाघळते आणि डॉक्टरला बोलावते. या पोरीला दोन आज्या लागतात, एकटीला मला ती झेपत नाही. हे मी सुनेलाही कधी बोलून दाखवलेलं नाही.

ता.क. ३: उतरली. नाक भाजलंय, डबा रिकामा आहे, बूट चिखलाने भरलेत आणि ती दारातच मालकीणबाईला डबा दाखवून काहीतरी वाद घालते आहे. हे पत्र कोणाला म्हणून विचारलं, मी सांगितलं. ती वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. मग म्हणाली, तिला लिही, मी माझं म्हणणं सोडणार नाही. लिहिलं. तेव्हा तुम्हीही सोडू नका, आणि एवढं मात्र करा, पहिल्याच दिवशी मिटवू नका. तिची रजा अजून बरीच शिल्लक आहे.